बारा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कराटे : गच्चीवरचा सराव कुठवर पुरतो?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतो आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमचे वय ४१ आहे. कॉलेजात असताना तुम्ही नाशिकला शोतोकान शैलीचे कराटे शिकून ब्लॅक बेल्ट मिळवला. पुढे नोकरी, लग्न, पुण्याला बदली या क्रमाने सराव सुटला आणि मध्ये बारा वर्षे गेली. गेले काही महिने तुम्ही सोसायटीच्या गच्चीवर सकाळी एकट्याने काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) करता आणि व्हिडिओ पाहून चुका दुरुस्त करता. शिवाय महिन्यातून एक-दोन रविवार ट्रेक असतो आणि मंगळवारी व शुक्रवारी तबल्याची शिकवणी. एवढ्या सरावावर पूर्वीची पातळी परत मिळेल का, की क्लास लावावाच लागेल, असे तुम्ही विचारले आहे. आणि क्लासमध्ये सगळी दहा-बारा वर्षांची मुले असताना जुना ब्लॅक बेल्ट बांधून उभे राहायला संकोच वाटतो, असेही लिहिले आहे.

मी ठाण्यात तीसेक वर्षे कराटे करतो आहे. त्यांतली निम्म्याहून अधिक शिकवण्यात गेली आणि मधली काही वर्षे ज्युदोही केला. माझ्या मोठ्यांच्या बॅचमध्ये खंड पडून परतलेले लोक कायम असतात, त्यामुळे तुमची अडचण मला ओळखीची आहे. घरच्या सरावाने तुमची हालचाल परत येईल, पण कराटे परत यायला समोर माणूस लागतो. तो क्लासमध्येच भेटला पाहिजे असे नाही, रोज भेटला पाहिजे असेही नाही. मात्र आठवड्यातून एकदा तरी नेमाने भेटायला हवा. गच्ची, व्हिडिओ, ट्रेक आणि तबला या सगळ्यांची मांडणी त्या एका दिवसाभोवती करावी, असे माझे मत आहे. त्यामागचा विचार सविस्तर सांगतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. तुमच्या जुन्या क्लासमध्ये कुमिते, म्हणजे जोडीदाराबरोबरची लढत, किती होत असे, हा त्यांतला सर्वांत मोठा मुद्दा. आपल्याकडे अनेक ठिकाणी काता आणि रांगेत उभे राहून मारलेले पंच एवढ्यावरच ब्लॅक बेल्टपर्यंतचा प्रवास होतो. तुमचा तसा झाला असेल, तर जोडीदाराबरोबरच्या सरावात तुम्ही परतणारे नसून नव्याने सुरुवात करणारे आहात आणि वेळ त्या हिशेबाने द्यावा लागेल. दुसरा मुद्दा हेतूचा. तब्येत बरी राहावी आणि सकाळचा अर्धा तास मनासारखा जावा एवढीच इच्छा असेल, तर गच्चीवरचा काता पुरेसा आहे आणि पुढचे वाचण्याचीही फारशी गरज नाही. पण ‘पूर्वीची पातळी’ हे शब्द तुम्ही वापरले आहेत, म्हणून मी असे गृहीत धरतो की तुम्हाला त्याहून काही अधिक हवे आहे. तिसरा मुद्दा शरीराचा. रक्तदाब, पाठ किंवा गुडघे यांची जुनी तक्रार असेल, तर डॉक्टरांचा सल्ला माझ्या सल्ल्याच्या आधी घ्यावा.

आता खंडाविषयी. गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) हे मूळचे ओकिनावातील शाळाशिक्षक. १९२२ मध्ये ते प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी तोक्योला गेले आणि तिथेच राहून शिकवू लागले. आपण ज्याला शोतोकान म्हणतो ती परंपरा त्यांच्यापासून सुरू होते. त्यांच्या वीस सूत्रांपैकी एकात कराटेला गरम पाण्याची उपमा दिलेली आहे : सतत उष्णता मिळाली नाही, तर ते पुन्हा थंड होते. परतलेल्या विद्यार्थ्याला हे सूत्र ऐकवून खजील करण्याची काही शिक्षकांना फार हौस असते. माझ्या पाहण्यात मात्र सगळे एकाच वेगाने थंड होत नाही, आणि कोणती गोष्ट किती लवकर जाते हे कळल्याशिवाय परतीचा सराव आखता येत नाही.

सर्वांत आधी जातो तो दम. सराव थांबल्यावर काही आठवड्यांतच त्याची घसरण सुरू होते, पण तो परतही तितक्याच लवकर येतो. ताकद अधिक काळ टिकते आणि एकदा कमावलेली असेल तर नव्याने कमावण्यापेक्षा लवकर भरून निघते. हालचालींचा क्रम तर आश्चर्य वाटावे इतका टिकतो. तुम्हीच लिहिले आहे की हेइआन मालिकेतले पाचही काता पहिल्याच आठवड्यात आठवले. यामुळे एक सुखद गैरसमज होतो. काता आठवला म्हणजे कराटे फारसे गेलेले नाही, असे वाटू लागते. जे खरोखर गेलेले असते ते अंतर आणि वेळ यांचे भान, ज्याला दोजोत (सरावाच्या हॉलमध्ये) मा-आई म्हणतात. समोरचा माणूस किती लांब आहे, एका पावलात तो मला गाठू शकतो का, त्याचे वजन आता कोणत्या पायावर आहे, हे न मोजता कळण्याची ती क्षमता आहे. गच्चीवर ती तपासणारे कोणीच नसल्यामुळे ती गेली आहे हेही कळत नाही.

शरीराच्या बाबतीत एक धोका मात्र मी ठळकपणे सांगतो, कारण परतणाऱ्यांमध्ये तोच सर्वांत महागात पडतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूला हाडाशी जोडणारे टेंडन तयार व्हायला महिने लागतात. आठवण विशीतली, स्नायू नव्याने जोमात आलेले आणि टेंडन चाळिशीतले, अशा अवस्थेत माणूस पूर्ण वेगाने पुढे झेपावतो आणि पोटरीला टाचेशी जोडणारे अकिलीस टेंडन तुटते. ज्यांचे तुटते ते बहुधा सांगतात की मागून कोणीतरी टाचेवर लाथ मारल्यासारखे वाटले आणि वळून पाहिले तर मागे कोणी नव्हते. तिशी ते पन्नाशीतले, मधूनच खेळाकडे परतणारे पुरुष यात पुष्कळ असतात. म्हणून पहिले दोन-तीन महिने उड्या आणि मागच्या पायाने जोर देऊन घेतलेली पूर्ण वेगाची झेप टाळावी. सध्याच्या स्पर्धांमधले खेळाडू सतत चवड्यांवर उसळत असतात, ते पाहून तसे करण्याचा मोहही आवरावा. त्याऐवजी जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर उचलाव्यात आणि अगदी सावकाश खाली न्याव्यात. काही वेळा गुडघे सरळ ठेवून, काही वेळा किंचित वाकवून. दिसायला हा किरकोळ व्यायाम आहे, पण माझ्या बॅचमध्ये तो सर्वांना सक्तीचा आहे.

एकट्याने करायच्या सरावाला मी कमी लेखत नाही, फक्त त्याची मर्यादा कुठून आली हे समजून घ्यावे असे वाटते. हेइआन काता मुळात पिनान या नावाने ओळखले जात. विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा आंको इतोसू यांनी ते शाळकरी मुलांसाठी रचले. म्हणजे मैदानावर रांगेत उभी असलेली बरीच मुले आणि पुढे एक शिक्षक, ही परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले हे काता आहेत. गच्चीवर एकट्याला ते इतके सोयीचे वाटतात याचे कारण त्यांच्या रचनेतच आहे. समोरच्या माणसाने हात पकडला तर काय, ढकलले तर काय, हे त्या रचनेत गर्भित आहे. पण ते बाहेर काढायचे तर पकडणारा हात खरोखर हवा.

तरीही गच्चीवरचा वेळ नीट वापरता येतो. पाच-सहा काता एकामागून एक उरकण्यापेक्षा महिनाभर एकच घ्यावा आणि तोही निम्म्या वेगाने करावा. सावकाश केल्यावर ज्या ठिकाणी तोल जातो, तिथेच पूर्वी वेगाने चूक झाकलेली असते. हवेत पंच मारताना कोपर शेवटपर्यंत झटक्याने सरळ होऊ देऊ नये. समोर आदळायला काही नसते, तेव्हा तो झटका सांध्यालाच बसतो, आणि वर्षानुवर्षे तसे करणाऱ्यांची कोपरे दुखू लागतात. सांधा पूर्ण सरळ होण्याआधी स्नायूंनी हात थांबवण्याची सवय हवी. गच्चीची फरशी कठीण असते आणि सकाळी दवाने निसरडीही होते, म्हणून पातळ तळव्याचे बूट घालण्यात कमीपणा मानू नये. काही जण त्यावर कोड्यासारखे जोडायचे फोमचे मॅट टाकतात. त्यावर तळवा चिकटून बसतो आणि मावाशी-गेरी, म्हणजे गोल फिरवून मारायची लाथ, मारताना खालचे पाऊल वळले नाही, तर पिळा गुडघ्यात पडतो. तिथे लाथ मारण्याआधी टाच उचलून पाऊल वळवण्याचा वेगळा सराव करावा.

व्हिडिओंबद्दल माझे मत बहुतेक जुन्या शिक्षकांपेक्षा सौम्य आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा एखाद्या मोठ्या जपानी शिक्षकाचा काता पाहायला मिळणे हा योग होता; आज तो पाहिजे तेव्हा, पाहिजे तितक्या संथ गतीने पाहता येतो. ही मोठी सोय आहे. मात्र दुसऱ्याचा व्हिडिओ पाहण्यात जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा तरी स्वतःचा पाहण्यात जावा. मोबाइल कमरेच्या उंचीवर आणि स्वतःच्या बाजूला ठेवावा. समोरून घेतलेल्या चित्रणात झेनकुत्सु-दाची (पुढचा गुडघा वाकवून घेतलेला लांब पवित्रा) नेहमी खोलच दिसते. बाजूने पाहिल्यावर कंबर मागे राहिलेली आणि मागची टाच उचललेली दिसते. तो व्हिडिओ एखाद्या ग्रुपवर टाकून मत मागायचे असेल, तर ‘कसा वाटला?’ असे विचारू नये. त्यावर अंगठे आणि नमस्कार येतात, किंवा कोणती शैली श्रेष्ठ यावर वाद सुरू होतो. ‘तिसऱ्या वळणावर माझी कंबर वर येते का?’ असे विचारल्यास जाणकार माणूस दोन ओळींत उपयोगाचे सांगून जातो. आणि त्या ग्रुपमध्ये पुण्यातलाच कोणी खंड पडलेला माणूस भेटला, तर ग्रुपचा त्याहून मोठा उपयोग नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे समोरच्या माणसाकडे येतो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान स्थापन करून ज्युदो शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी रांदोरीला, म्हणजे खऱ्या प्रतिकाराच्या सरावाला, मध्यवर्ती स्थान दिले. त्यासाठी अपायकारक डाव त्यांनी रांदोरीतून वगळून कातापुरते ठेवले. याचा परिणाम वरवर उलटा वाटेल असा झाला. धोकादायक डाव काढल्यामुळे विद्यार्थ्यांना रोज पूर्ण ताकदीने एकमेकांशी झगडता येऊ लागले आणि जे डाव उरले, ते प्रतिकार करणाऱ्या माणसावर चालवण्यात ते तरबेज झाले. आपल्या तालमीत हे वेगळे सांगावे लागत नाही. जोर-बैठका एकट्याने होतात, पण लढत झाल्याशिवाय पैलवानाचा दिवस पुरा होत नाही. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटवरची कुस्ती आणि तिचे नियम त्यांना परके होते, तरी ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. जमीन आणि नियम नवे असले, तरी झटणाऱ्या माणसाशी रोज झगडण्याची सवय जुनी होती, असा मी त्याचा अर्थ लावतो.

कराटेची अडचण अशी की ठोसा आणि लाथ पूर्ण ताकदीने रोज एकमेकांना मारता येत नाहीत. म्हणून शोतोकानमध्ये शरीराला लागण्याआधी प्रहार थांबवण्याची पद्धत आली, आणि जोडीच्या सरावाची एक शिडी तयार झाली. तुम्ही ती केली असेलच, पण कोणत्या पायरीवर काय शिकायचे असते हे अनेकदा सांगितले जात नाही. गोहोन कुमितेत हल्ला करणारा पाच पावले ठरलेला ठोसा मारत येतो आणि बचाव करणारा मागे सरत अडवतो. इथे फक्त पाऊल आणि अंतर जुळवायचे असते. किहोन इप्पोनमध्ये एकच जाहीर केलेला हल्ला असतो आणि त्यावर एक प्रतिहल्ला. त्यानंतर येते जियु इप्पोन, आणि परतलेल्या प्रौढ माणसासाठी माझ्या मते हीच सर्वांत मोलाची पायरी आहे. दोघेही मोकळ्या पवित्र्यात फिरत असतात. हल्ला करणारा ‘जोदान’ (चेहऱ्याच्या उंचीवर ठोसा) किंवा ‘माए-गेरी’ (समोरची लाथ) असे आधी जाहीर करतो, पण कधी मारायचे हे त्याच्या हातात असते. म्हणजे काय येणार हे तुम्हाला ठाऊक असते; केव्हा आणि किती अंतरावरून, हे ठाऊक नसते. नेमकी हीच दोन भाने बारा वर्षांत गेलेली असतात. अनिश्चितता एवढीच ठेवल्यामुळे दुखापतीचा धोका आटोक्यात राहतो आणि गोंधळ कुठे होतो हेही लगेच कळते.

पहिल्या काही दिवसांत काय होईल ते सांगतो, म्हणजे घाबरून सोडणार नाही. तुम्ही फार लवकर हलाल, हल्ला सुरू होण्याआधीच मागे सराल, आणि जोडीदार थांबून हसेल. मग ते टाळण्यासाठी जागेवर खिळून राहाल आणि ठोसा छातीवर घ्याल. नजर त्याच्या हातावर असेल, कारण व्हिडिओत हातच दिसतात. खरा इशारा आधी खांद्यातून आणि कमरेतून येतो. प्रतिहल्ला करताना तुमची मूठ एकतर वीतभर अलीकडे थांबेल किंवा थेट लागेल. याचा विचार मी सर्वांत गंभीरपणे करायला सांगतो. एकट्याने सराव करून परतलेल्या माणसाचा वेग आलेला असतो आणि अंतराचे भान आलेले नसते. म्हणून पहिला रक्तबंबाळ ओठ बहुधा त्याच्या जोडीदाराचा असतो. दोघांनी माउथगार्ड आणि पातळ हातमोजे घालावेत, चष्मा काढावा आणि पहिला महिना निम्म्या वेगाच्या वर जाऊ नये. वेग कमी ठेवणे हे भित्रेपणाचे लक्षण आहे असे मानणारा जोडीदार मिळाला, तर तो बदलावा.

ज्युदो किंवा बॉक्सिंग लावावे का, असा प्रश्न पुढे येईलच. ज्युदोत समोरच्या माणसाचा प्रतिकार पहिल्या दिवसापासून मिळतो हे खरे आहे, पण चाळिशीत पडायला शिकणे हे वेगळे शिक्षण आहे. उकेमी, म्हणजे न लागता पडण्याचे तंत्र, पक्की होण्याआधीच रांदोरीत उतरवणारा शिक्षक असेल, तर तिथून लांब राहावे. बॉक्सिंगमध्ये डोक्यावर बसणाऱ्या माराचा हिशेब करावा लागतो. तुमचे मन कराटेत आहे, तर सध्या तिथेच राहावे.

क्लासची निवड हा आपल्याकडचा अवघड विषय आहे. कराटेच्या संघटना अनेक आहेत आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवरून आत काय चालते याचा अंदाज येत नाही. बहुतेक क्लास लहान मुलांच्या फीवर आणि बेल्ट परीक्षेच्या शुल्कावर चालतात. हॉलचे भाडे त्यातूनच निघते, त्यामुळे संध्याकाळची सोयीची वेळ मुलांना जाते. यात लबाडी असतेच असे नाही, पण मोठ्यांसाठी वेगळा विचार केलेला आहे का हे विचारून घ्यावे लागते. एखादा तास बाहेर बसून पाहायला द्या अशी विनंती करावी. जो शिक्षक नकार देतो त्याच्याकडे जाऊ नये. पाहताना एवढेच मोजावे की तासाभरात विद्यार्थी किती वेळ समोरासमोर उभे राहतात, आणि एखाद्याला लागले तर शिक्षक काय करतो. ‘दोन वर्षांत दुसरा दान (ब्लॅक बेल्टमधली पुढची श्रेणी) देतो’ असे आपणहून सांगणाऱ्याकडे तर उभेही राहू नये.

मुलांच्या रांगेत उभे राहण्याचा मार्ग मी सुचवणार नाही, पण त्याचे कारण संकोच नाही. दहा वर्षांच्या मुलाबरोबर तुम्हाला अंतराचे भान परत मिळणार नाही. त्याची उंची, पोहोच आणि वजन यांचा तुमच्याशी मेळ बसत नाही. शिवाय अशा ठिकाणी मोठा माणूस महिन्याभरात बिनपगारी मदतनीस होतो आणि मुलांचे बेल्ट बांधून देण्यात त्याचा तास जातो. त्याऐवजी शिक्षकांना सरळ सांगावे की मी आणि आणखी एक-दोन प्रौढ जमलो, तर मुलांच्या तासानंतर अर्धा-पाऊण तास हॉल वापरू द्याल का आणि अधूनमधून आमच्याकडे पाहाल का. याला नाही म्हणणारे शिक्षक मला फार थोडे भेटले आहेत. माझी स्वतःची मोठ्यांची बॅच अशाच विनंतीतून उभी राहिली. आधी मुलांना सोडायला येणारे दोन वडील होते, ते बाकावर बसून कंटाळले आणि मॅटवर आले.

राहिला ब्लॅक बेल्टचा प्रश्न. दान ही श्रेणी कानो यांच्या ज्युदोतून आली. फुनाकोशी यांनी ती कराटेत स्वीकारून १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना पहिले दान दिले. मिळालेले दान खंड पडल्यामुळे रद्द होत नाही. म्हणून शैली तीच असेल, तर पहिल्याच भेटीत खंडाची हकिकत सांगावी आणि कोणता बेल्ट बांधू हे शिक्षकांना विचारावे. ते सांगतील तो बांधावा. शैली बदलत असाल, तर पांढरा बांधून जाणे हा सर्वत्र मान्य असलेला शिष्टाचार आहे. मुले काय म्हणतील याची चिंता नसावी. ती दोन दिवस विचारतात, ‘काका, तुम्ही इतके हळू का करता?’ आणि तिसऱ्या दिवशी विसरतात. मोठ्यांच्या मनात जी तुलना चालते, ती तुमच्या आजच्या आणि विशीतल्या शरीरांची असते, आणि ती तुलना करणारे एकटे तुम्हीच असता.

आता छंदांचा हिशेब, कारण तुमच्या प्रश्नात तो होता आणि क्लासमध्ये कोणी तो विचारणार नाही. तबला तुम्ही मनापासून शिकत असाल, तर हातांची काळजी आधी घ्यायला हवी. मुठींवर टेकून काढलेले जोर, माकिवारावरचे (ठोशांच्या सरावाच्या खांबावरचे) ठोसे आणि मोज्यांशिवाय मारलेली बॅग यांनी बोटांच्या मुळाशी असलेले सांधे जाड आणि ताठ होऊ शकतात. तर्जनी आणि अनामिकेच्या ज्या मोकळेपणावर चाटेचा (तबल्याच्या कडेचा) बोल उमटतो, तो अशाने जातो. कराटेला त्याने फारसे बिघडत नाही. तळहाताच्या टाचेचा प्रहार, कोपर आणि लाथा यांवर भर देता येतो. जोर तळहातांवर काढावेत. जोडीच्या सरावात ठोसा अडवताना बोटे उघडी ठेवू नयेत, कारण बोट मुरगळण्याचे प्रसंग तिथेच येतात. शिकवणीच्या आदल्या दिवशी हातांचा सराव कमी ठेवावा हेही ओघाने आलेच.

ट्रेकचे गणित निराळे आहे. चढाने दम वाढतो, तो कराटेला पूरकच आहे. त्रास उतारामुळे होतो. राजगडावरून उतरताना किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेनंतर मांड्या दोन दिवस का भरून येतात, तर उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. अशा मांड्यांनी सोमवारी सकाळी खोल झेनकुत्सु-दाची घेतली की गुडघा आधाराला कमी पडतो. म्हणून ट्रेकनंतरच्या सोमवारी गच्चीवर फक्त सावकाश चालणे आणि कंबर मोकळी करणे एवढेच असावे. जोडीदाराचा दिवस बुधवारी ठेवला, तर रविवारचा ताण तोवर बहुतेक ओसरलेला असतो आणि शुक्रवारच्या तबल्याआधी हातांना एक दिवस मोकळा मिळतो. मंगळवारी शिकवणीमुळे हातांना विश्रांती देऊन फक्त पायांचा आणि टाचांचा व्यायाम. गुरुवारी काहीही नाही. शनिवारी सकाळी महिन्याचा तो एक काता आणि त्याचे बाजूने घेतलेले चित्रण. ट्रेकच्या आठवड्यात शनिवारही हलका ठेवावा.

तुमच्या नोकरीच्या वेळा मला ठाऊक नाहीत, त्यामुळे वार बदलले तरी हरकत नाही. पण बुधवारचा तो एक तास शेवटी उरलेल्या वेळेत बसवायचा, असे करू नये. घरी आणि ऑफिसात तो वेळ आधी सांगून ठेवावा आणि जोडीदार आला नाही तरी हॉलवर जावे. तीन महिन्यांनी जियु इप्पोनमध्ये तुम्ही किती वेळा वेळेआधी हलता हे पाहून पुढे मुक्त कुमिते घ्यावे की नाही ते ठरवता येईल.

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिले आहे की योको-गेरी (बाजूची लाथ) मारताना उभ्या पायाच्या गुडघ्यात बाहेरच्या बाजूला कळ येते. ती लाथ वर जाताना येते की पाय परत खाली ठेवताना, आणि तेव्हा खालचे पाऊल किती वळलेले असते, हे बाजूने व्हिडिओ घेऊन पाहा आणि इथे लिहा. तोवर ती लाथ सरावातून काढून ठेवावी, आणि दहा-पंधरा दिवसांत कळ थांबली नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.